मामांची गाडी आणि कलम ५२

(तृतीय वर्ष, विज्ञान)

आपल्या कॉलेजच्या वाहनतळावर सकाळी साडेदहाच्या सुमारास पाच मिनिटे उभे राहिले, तर आजच्या तरुणाची आवडनिवड कळायला दुसऱ्या कोणत्याही पाहणीची गरज उरत नाही. एका मोटारसायकलचे हँडल बोकडाच्या शिंगांसारखे उंच, दुसरीचे मागचे मडगार्ड गायब, तिसरीच्या सायलेन्सरमधून तोफखाना सुटल्याचा आवाज, आणि चौथीची नंबरप्लेट शोधायला भिंग घेऊन बसावे लागेल अशी. कंपनीने दिली तशीच गाडी वापरणारा विद्यार्थी आपल्यात अल्पसंख्याकच म्हणावा लागेल. हा लेख लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की दोन वर्षांपूर्वीपर्यंत या बहुसंख्याकांत मीही मोडत होतो. त्यामुळे पुढे जे काही लिहिणार आहे, ते उपदेश म्हणून कोणी घेऊ नये. कबुलीजबाब म्हणून घ्यावे.

मी मूळचा इंदूरचा. होळकरांच्या राज्यात जी मराठी घराणी माळव्यात गेली आणि तिथलीच झाली, त्यांपैकी आमचे एक. आमचे घर तुकोगंजात. तुकोजीराव होळकरांच्या नावाची ही वस्ती; उच्च न्यायालयाचे खंडपीठ, विद्यापीठाची कचेरी, रवींद्र नाट्यगृह, रीगल चौराहा ही सारी आसपासच. घरात आजी, आई, बाबा, मी आणि मामा. मामा लहानपणी पोलिओच्या तडाख्यात सापडले. उजवा पाय कायमचा लुळा पडला. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा भाग पोलिओमुक्त ठरवला, ही बातमी मामांनी वर्तमानपत्रातून कापून ठेवली आहे. "माझ्यानंतर कोणाला नको," एवढेच तेव्हा ते म्हणाले होते.

मामा सियागंजातल्या एका किराण्याच्या पेढीवर हिशेब लिहितात. तुकोगंजातून सियागंज काही लांब नाही. धडधाकट माणूस बोलत बोलत चालत जाईल. पण मध्ये रेल्वेचे रूळ आहेत आणि रुळांवरून शास्त्री पूल आहे. वर्षानुवर्षे मामा हाताने पायडल फिरवायच्या तीनचाकी सायकलीवरून हा पूल चढत. चढावर दम लागला की थांबत, कोणीतरी ओळखीचा-अनोळखी माणूस मागून हात लावी, आणि पलीकडे गांधी हॉल दिसू लागला की मामा त्याचे आभार मानून हात सोडवून घेत. रोज कोणाचे तरी आभार मानावे लागणे ही गोष्ट माणसाला आतून किती थकवते, हे मला फार उशिरा कळले.

माझा मावसभाऊ नोकरीसाठी परदेशी गेला तेव्हा त्याची मोटारसायकल आमच्याकडे आली. गाडी चांगली, चार वर्षांची. मी तिच्यावर डोळा ठेवून होतो, पण आईने सांगितले, "ही दादासाठी. तुझी तुला आहेच." आईचे दादा म्हणजे अर्थातच मामा. मग आम्ही घरच्या घरी बेत केला. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना छोटी चाके बसवायची, म्हणजे गाडी थांबली तरी पाय टेकायला नको. उजव्या पायाचा ब्रेक काढून हाताच्या दांडीवर घ्यायचा. गिअर डाव्या पायात, तो पाय मामांचा चांगला आहे. आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींनी आठ दिवसांत लोखंडी पट्ट्या वाकवून, वेल्डिंग करून हे सगळे उभे केले. मी त्यांच्या शेजारी बसून मापे घेत होतो. पहिल्या दिवशी मामा आमच्या गल्लीतून एक फेरी मारून आले, तेव्हा आजीने गाडीवरून नारळ ओवाळला.

दुसऱ्या दिवशी मी म्हटले, "मामा, आता उद्यापासून पेढीवर हीच न्या."

मामा म्हणाले, "अरे, आधी कागदावर चढू दे. मग रस्त्यावर चढवू."

मी हसलो. माझ्या स्वतःच्या गाडीला तेव्हा बाजारातला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर होता, हँडल बदललेले होते, आणि यांपैकी कशाचीही नोंद कुठेही नव्हती. मी त्यांना आपले सर्वांचे आवडते वाक्य ऐकवले, "मामा, कोण विचारतो?" मामांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "कोणी विचारत नाही तोवर ती गाडी. कोणी विचारले की तो गुन्हा. मला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची गाडी मिळते आहे, ती चोरून कशाला चालवू?"

या एका उत्तरामुळे मी मोटार वाहन कायदा उघडून बसलो. जे वाचले ते आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसावे, म्हणून थोडक्यात सांगतो.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ चा, आणि तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. केंद्राचा कायदा असल्यामुळे इंदूर काय, कोल्हापूर काय किंवा बेळगाव काय, मूळ कलम सगळीकडे एकच. गाडीतल्या बदलांविषयीचे कलम ५२. मूळच्या १९८८ च्या मसुद्यात या कलमाचा सूर बराच मवाळ होता. मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला बदलाची सूचना द्यायची आणि मंजुरी घ्यायची; सात दिवसांत उत्तर आले नाही, तर मंजुरी मिळाली असे समजायचे. म्हणजे 'विचारा आणि करा' अशी ती रीत होती. सन २००० च्या दुरुस्तीने ही रीत पालटली. गाडी बनवणाऱ्याने जो तपशील मुळात ठरवून दिला आणि जो नोंदणी प्रमाणपत्रात आहे, त्याच्याशी विसंगत असा बदल मालकाने करूच नये, असे कलम ५२ सांगू लागले. इंधन बदलण्यासाठी, म्हणजे गॅसवर किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी, अटींसह वाट ठेवली गेली. केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी याच कलमावर शिक्कामोर्तब केले, की कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीची रचना बदलता येणार नाही, आणि राज्याचे नियमही कायद्यापुढे दुय्यम आहेत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिले गेले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलासाठी' हे शब्द नीट वाचावेत. माझ्या गाडीवर तेव्हा निदान तीन बदल होते. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि पुस्तक मिटले.

पण मामांच्या बाबतीत कायदा काय म्हणत होता? इथे मला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. १९८८ च्या कायद्यात अपंगांच्या वाहनाची व्याख्या होती. पण ती अशी, की शारीरिक व्यंग असलेल्या व्यक्तीसाठी खास रचलेले व बांधलेले, 'केवळ जुळवून घेतलेले नव्हे' असे वाहन. आता आपल्या देशात अपंग माणसासाठी खास गाडी बांधून देणारे कारखाने असे किती? बहुतेक जण बाजारातली साधी गाडी घेऊन ती जुळवूनच घेतात. म्हणजे ज्या एका मार्गाने सामान्य अपंग माणूस गाडीवर बसू शकतो, नेमका तोच मार्ग व्याख्येने वगळलेला! तीस वर्षे हे असेच राहिले. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या कलम ४१ मध्ये मात्र, अपंगांना परवडेल अशा खर्चात हिंडता-फिरता यावे म्हणून सरकारने योजना आखाव्यात आणि त्यांत वाहनांमध्ये नंतर करावयाच्या बदलांचाही समावेश असावा, असे स्पष्ट म्हटले आहे. मग २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 'जुळवून घेतलेले वाहन' ही नवी व्याख्या आली. आपल्या मालकीची गाडी अशा वाहनात बदलून घ्यावी आणि त्यानंतर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी, अशी मुभा मिळाली. अट एवढीच, की बदल केंद्र सरकारने ठरवलेल्या अटींत बसला पाहिजे. २०२० साली नोंदणीच्या अर्जात मालकीच्या प्रकारांमध्ये दिव्यांगजनांचा स्वतंत्र रकानाही आला.

हे वाचून मला हर्ष झाला. मामांना म्हटले, "कायदा तुमच्या बाजूने आहे." मामा म्हणाले, "कायदा बाजूने असतोच रे. खिडकी कोणत्या बाजूला आहे ते बघ."

त्या खिडकीचा शोध हा या लेखाचा खरा विषय. ज्या कार्यालयात आम्ही गेलो त्याचे नाव मी घेत नाही. कारण तिथल्या माणसांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. पहिल्या खेपेला योग्य टेबल सापडले नाही. दुसऱ्या खेपेला सापडले, पण अर्ज वेगळा होता. तिसऱ्या खेपेला अपंगत्वाचा दाखला, विम्याची प्रत, गाडीचे कार्ड, सगळे होते. पण चाकांचा संच कोणी बनवला त्याचे प्रमाणपत्र नव्हते. बाहेर उभ्या असलेल्या एका दलालाने एवढ्यात हळूच सुचवले, "भिया, बिना पहियों के कागज करा लो, पहिये बाद में लगा लेना." म्हणजे गाडी जशी आहे तशी दाखवू नका, नसलेली दाखवा, काम होईल. आपल्याकडची पुष्कळशी कामे याच तत्त्वावर होत असावीत. मामांनी त्याला नमस्कार केला आणि आम्ही परत आलो.

चौथ्या खेपेला एका निरीक्षकांनी स्वतः बाहेर येऊन गाडी पाहिली. वाकून पट्ट्या पाहिल्या, वेल्डिंगवर नखाने टकटक केले, आणि मामांना आवारात एक फेरी मारायला सांगितली. मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला, "रस्त्याला मध्ये खड्डा असला आणि तुमची दोन्ही बाजूंची चाके उंच भागावर राहिली, तर मधल्या चाकाचे काय होईल?"

मी विज्ञानाचा विद्यार्थी. उत्तर मला तत्काळ कळले आणि तोंड उतरले. बाजूची चाके ताठ बसवलेली. त्यांना स्प्रिंग नाही. उंचसखल जागी गाडीचा भार ती दोन चाकेच उचलून धरणार, मागचे मुख्य चाक अधांतरी राहणार. ज्या चाकाला इंजिनची साखळी आहे आणि ज्याला ब्रेक आहे, तेच जमिनीला टेकलेले नसेल, तर गाडी ना पुढे ओढली जाईल ना थांबेल. शास्त्री पुलाच्या उतारावर हे घडले असते तर? शिवाय दुचाकी वळताना आत झुकते. बाजूला चाके लावली की ती झुकू शकत नाही, तिला गाड्यासारखी वळवावी लागते, आणि वेग थोडा जास्त झाला तर ती बाहेरच्या अंगाला कलंडते. आठ दिवस मापे घेताना यातले काहीही माझ्या डोक्यात आले नव्हते. नारळ मात्र आम्ही ओवाळला होता.

निरीक्षक म्हणाले, "संस्थेने तपासून मान्य केलेला संच बसवा, त्याचे प्रमाणपत्र आणा, मी नोंद करून देतो. यावर सही केली आणि उद्या हे गृहस्थ पडले, तर ती सही मला झोपू देणार नाही." या सद्गृहस्थांविषयी मला आजही आदर आहे.

पण पुढे काय झाले ते पाहा. मान्यताप्राप्त संच मिळाला, तो बिनगिअरच्या एका स्कूटरचा. आमच्या मोटारसायकलच्या मॉडेलचा मिळाला नाही. संच बनवणाऱ्याने तपासणी करून घेतली होती ती त्या एका गाडीवर बसवून. मग आमच्या मोटारसायकलसाठी, समजा आम्ही स्प्रिंगा घालून, वजन मोजून, ब्रेक तपासून, निर्दोष अशी जोडणी केलीच, तर ती कोणी तपासायची? कोणाकडे न्यायची? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला कोणत्याही टेबलावर मिळाले नाही. शेवटी मावसभावाची मोटारसायकल विकली, त्यात आईने भर घातली, एक वापरलेली स्कूटर घेतली, तिला तो मान्य संच बसवला, आणि नोंद झाली. आज मामा त्या स्कूटरवरून पूल चढतात. मधे थांबत नाहीत. पण या सगळ्याला पैसा किती गेला आणि महिने किती गेले, आणि ज्याच्या घरी भर घालायला आई नाही त्याने काय करायचे, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

माझ्या मते दोष इथे आहे. आपली सगळी तपासणीची व्यवस्था कारखानदाराला समोर ठेवून रचलेली आहे. कंपनीने एक नमुना पाठवायचा, तो तपासला की त्याच्यासारख्या लाखो गाड्या रस्त्यावर येऊ शकतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे ही कामे ज्या संस्था करतात त्यांत पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे, जी १९६६ साली स्थापन झाली. अहिल्यानगरची, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरची, लष्करी वाहनांची संशोधन संस्था आहे. मध्य प्रदेशातले बुदनीचे कृषियंत्र केंद्र आहे. खुद्द आमच्या इंदूरजवळ पीथमपूरला वाहनांच्या चाचणीसाठी हजारएक एकरांचे केंद्र उभे आहे, तिथल्या ११.३ किलोमीटर लांबीच्या वेगवान धावपट्टीचे उद्घाटन जून २०२१ मध्ये झाले. योगायोग असा, की याच पीथमपुरात १९८० च्या दशकात किनेटिक होंडा ही बिनगिअरची, बटणाने सुरू होणारी स्कूटर तयार होऊ लागली होती. किक मारता न येणाऱ्या किती माणसांना अशा स्कूटरींनी घराबाहेर काढले असेल! एवढे सगळे आमच्या दारात. पण मामांसारख्या एका माणसाने आपली एक गाडी एक दिवस नेऊन, माफक फी भरून तपासून घ्यावी, अशी सोपी, सर्वांना ठाऊक असलेली वाट मात्र सामान्य माणसाच्या नजरेस पडत नाही. लाखांची परीक्षा होते; एकाची होत नाही.

इतर देशांत ही वाट आहे. जर्मनीत गाडीत बदल केला, की तपासनीस ती एक गाडी पाहतो आणि बदल योग्य असेल तर तो गाडीच्या कागदांत लिहिला जातो. ब्रिटनमध्ये एकेकट्या मोटारसायकलची स्वतंत्र तपासणी करून तिला मान्यता देण्याची पद्धत आहे. तिथले लोक आपल्यापेक्षा शिस्तीचे आहेत म्हणून हे चालते असे म्हणणारे म्हणतील. मला उलट वाटते. वाट आहे म्हणून शिस्त आहे. जिथे सरळ वाट नसते तिथे दलाल उभा राहतो, आणि "कोण विचारतो" हे सुभाषित होऊन बसते.

कोणी म्हणेल, असे केले तर उद्या प्रत्येक पोरगा आपल्या फटफटीचा तोफखाना तपासणीला घेऊन येईल. खुशाल येऊ दे! तपासणी म्हणजे होकार नव्हे. पर्यावरणाच्या नियमांत नव्या मोटारसायकलच्या आवाजाच्या मर्यादा आहेत; ८० ते १७५ सी.सी.च्या गाडीला ७७ डेसिबल, त्याहून मोठीला ८०. डेसिबलचे गणित आपण पहिल्या वर्षाला शिकलो. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट होते. बाजारातला सायलेन्सर मर्यादा ओलांडतो तेव्हा 'थोडासा' मोठा नसतो. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड आणि परवाना तीन महिने जाणे अशी शिक्षा कायद्यात आहे. अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर ओळीने मांडून रोड रोलरखाली चिरडले, ती छायाचित्रे आपण पाहिली आहेत. त्यावर आपण हळहळलो. रात्री अकरा वाजता ज्या आजारी माणसाची झोप मोडली त्याच्यासाठी हळहळलो नाही.

माझा मुद्दा असा, की आजचा कायदा हौस आणि गरज यांना जवळजवळ एकाच काठीने हाकतो. हौशी माणूस काठी चुकवतो, कारण तो पळू शकतो. गरजूच्या पाठीवर ती बसते, कारण तो पळू शकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने हा भेद कागदावर मान्य केला, ही चांगली गोष्ट झाली. आता तो खिडकीपर्यंत पोचला पाहिजे.

त्यासाठी मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक जिल्ह्यात महिन्यातून एक दिवस जुळवून घेतलेल्या वाहनांच्या तपासणीचा असावा, आणि लागणाऱ्या कागदांची यादी लोकांच्या भाषेत भिंतीवर लावावी. आपल्या भागात ती मराठीत आणि कन्नडमध्ये असावी. दुसरी, जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना या कामात घ्यावे. चाकांवर भार किती, ब्रेकला अंतर किती लागते, जोडणीला ताण किती सोसतो, ही मोजमापे पदवीचा विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली करू शकतो. शेवटची सही अधिकाऱ्याची असावी, पण त्याच्या हातात आकडे असावेत. तिसरी, गल्लीतल्या मिस्त्रीला गुन्हेगार समजू नये. आमच्या मिस्त्रींचे वेल्डिंग उत्तम होते. त्यांना स्प्रिंगेची गरज कोणी सांगितली नव्हती, एवढेच. मान्य नकाशा त्यांच्या हाती दिला, तर मामांसारख्यांचा खर्च निम्म्यावर येईल.

आणि चौथी गोष्ट सरकारसाठी नाही, आपल्यासाठी आहे. कागद म्हणजे निव्वळ कटकट, हे आपल्या मनातून काढून टाकले पाहिजे. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात अपंगांसाठी बदललेल्या गाडीला तिच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट ठेवली होती. पण ती कोणाला? ज्याच्या बदलाची नोंद प्रमाणपत्रात झाली आहे त्यालाच. म्हणजे नोंद हेच संरक्षण. नोंद नसलेल्या गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न त्या बदलाचाच विचारते. आणि आपण ज्याला धडक दिली तो रस्त्यावरचा माणूस त्या प्रश्नोत्तरात कुठे राहतो, याचा विचार 'कोण विचारतो' म्हणणाऱ्याने एकदा करावा.

माझी स्वतःची गोष्ट सांगून पुरे करतो. निरीक्षकांनी मामांच्या गाडीची चाके तपासली त्याच दिवशी, परत निघताना, त्यांनी माझ्या गाडीकडे पाहिले. त्या कार्यालयाच्या आवारात, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावून, मामांना सोबत करायला मी आलो होतो! ते काही बोलले नाहीत. मामाही बोलले नाहीत. घरी आल्यावर मी जुना सायलेन्सर माळ्यावरून काढला आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे जाऊन बदलून घेतला. हँडलही मूळचे बसवले. मित्र म्हणाले, गाडीची शान गेली. असेल. पण संध्याकाळी मी घरी येतो तेव्हा आता आजीला गल्लीच्या तोंडाशीच कळत नाही, मी दारात आलो की कळते.

मामा मात्र रोज सकाळी निघताना एक गोष्ट न चुकता करतात. खिशातून गाडीचे कार्ड काढून पाहतात, पुन्हा ठेवतात, आणि मगच बटण दाबतात. त्या कार्डावरची ती एक नोंद मिळवायला त्यांना अर्धे वर्ष लागले. पुढच्या माणसाला अर्धा दिवस लागावा, एवढीच या लेखामागची इच्छा आहे.